हांवन्हय, तालुका सत्तरी

वाळपईहून सुटलेल्या बसचा कंडक्टर
वळणावर एकदाच ओरडतो, "हांवन्हय कोण?"
आतून चाळीस माणसं म्हणतात, "हांव न्हय",
आणि ड्रायव्हर गाडी दामटतो.
मीही असाच दीड किलोमीटर पुढे जाऊन उतरलो,
एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात काळ्याचा,
ब्रश खिशात,
चवथीच्या आधी पाटी रंगवून द्यायची होती.

ज्यांना कोंकणी येत नाही त्यांच्यासाठी:
हांव म्हणजे मी. न्हय म्हणजे नव्हे.
म्हणजे अख्ख्या गावाचं नाव
मी नाही, बाजूचा.

इथल्या सगुण मळकाला फोंड्याच्या चौकीत
हवालदाराने विचारलं, गाव कुठलं?
त्याने खरं सांगितलं आणि थप्पड खाल्ली.
पुन्हा विचारलं, पुन्हा खरंच सांगितलं.
डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं,
पण गावात सत्यवादी म्हटलं की तोच.

जुनी पाटी खरवडायला लागलो तशी माणसं जमली.
बुदो गांवकर म्हणाला, पाखल्याच्या राज्यात
साखळी घेऊन मोजणीदार आला,
"ही जमीन कोणाची?"
कर बसणार हे कोंबड्यांनाही ठाऊक होतं.
पहिला म्हणाला हांव न्हय, दुसरा हांव न्हय,
थेट डोंगरापर्यंत तेच.
त्याने तेच लिहून घेतलं, खाली सही ठोकली.
कर काही चुकला नाही, बुदो म्हणाला,
नाव तेवढं फुकट मिळालं.

वझे भटजींनी स्कूटर थांबवली.
अरे, हे मूळ हवन. ऋषींनी इथे हवन केलं.
कुठल्या ऋषींनी?
ते बघावं लागेल, म्हणाले. इंजिन चालूच होतं.

इनास पोदेर म्हणाला, उधारी.
त्याचा आजोबा वही उघडून विचारायचा,
गेल्या महिन्याचे उंडे कोणी खाल्ले?

पुतळाबाय सुपाऱ्या सोलत बसली होती, मान वर न करता बोलली:
अवसेला राखणदार फिरतो, नावानं हाक मारतो.
ओ द्यायची नाही. हांव न्हय म्हणायचं.
भोळा आहे तो. पुढच्या घरी जातो.
तिथंही तेच.
आणि शेवटच्या घरी?
शेवटच्या घरात आता कोणी राहत नाही, ती म्हणाली
आणि पुढची सुपारी घेतली.

मी "हां" काढला, "व" काढला.
"न्ह"वर आलो तेव्हा
दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी म्हणाली,
टिंब राहिलं.
न्हय म्हणजे नव्हे. न्हंय म्हणजे नदी.
बाईंनी सांगितलंय.
हांव न्हंय. मी नदी.

सगळ्यांनी पाटीमागच्या उताराकडे पाहिलं.
दगड होते. खाणीकडचं लाल पाणी होतं, गुडघाभर.
गुडघा म्हशीचा.
म्हैस आमच्याकडे बघत होती.

मग भांडण पेटलं.
पंच म्हणाला, "हां"वर आहे की एक टिंब, अजून किती पाहिजेत?
बुदो म्हणाला, नदी म्हटलं की पुराचा निधी येतो.
सगुणने नदीची बाजू घेतली,
थप्पड तरी टळेल.
माझ्या खिशातल्या सरकारी कागदावर टिंब नव्हतं
आणि बिल कागदाप्रमाणे.
टिंबाला रंग तो किती लागतो,
पण सवय वाईट.
मी "य" काढून संपवलं आणि इनासच्या पडवीत
पेज आणि खारातलं आंबाडं खाऊन आलो.

परतलो तर ओल्या रंगात एक चिलट चिकटून मेलं होतं,
काळं, गोल,
नेमकं "न्ह"च्या डोक्यावर.
नखाने काढता आलं असतं.
तेवढ्यात बांधकाम खात्याची जीप आली.
इंजिनियरने चष्मा कपाळावर चढवला,
कागद पाहिला, पाटी पाहिली, पुन्हा कागद.
"हे टिंब कोणी दिलं?"

सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला
आणि गावाचं नाव सांगितलं.