हत्तीगोट्यावर

दिवाळी सरली की नदी आपली हाडं दाखवते.
काळे गोटे, शेवाळाच्या रेघेने आखलेले,
आणि सगळ्यांच्या पुढे, पाण्यात सोंड घालून बसलेला
आमचा हत्तीगोटा.
चपला हातात, पँटी गुडघ्यावर,
डब्यांची पिशवी टीकारामच्या डोक्यावर
कारण मागच्या खेपेला ती माझ्याकडे होती.

तीन गऱ्या. बांबू इस्तारीने तोडलेले,
तरंडे मोरपिसाच्या दांड्याचे,
गांडुळं माझ्या न्हाणीच्या मोरीतली.
दर वर्षी माझं योगदान एवढंच.

इस्तारी ढिवर. आठवडाभर डोंग्यातून जाळं ओढतो,
सोसायटीच्या काट्यावर किलोने मासोळी घालतो,
आणि आज एक गांडूळ
सुईत दोरा ओवावा तसं गळाला ओवतोय.
"काहून बे, सुट्टीच्या दिवशीबी तेच?"
खर्रा गालात सारून तो म्हणतो,
"जाळ्यात सापडते गा. गरीवर भेटते."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "अन् घरी रायलो त बायको भिंत सारवाले लावते."

मी लाईनमन. अठ्ठावीस वर्षं मान वर करून कमावलं,
खांबाखांबावर गेलेली वीज शोधली.
खाली बघत बसायची माझी ही एकच जागा.
तरंडा हलत नाही.
पाणी हलतं, ढगाचा तुकडा हलतो,
पाण्यातला माझा चेहरा तर थांबतच नाही,
तरंडा तेवढा नाही.

टीकारामला गप्प बसवत नाही.
एसटीत कंडक्टर होता, अजून आहे.
मासोळ्यांनाही सांगतो, पुढं चला, पुढं जागा आहे.
त्याला एक लागली, बोटभर.
तिला तळहातावर धरून म्हणाला, हाफ तिकीट,
आणि सोडून दिली.

इस्तारीला दोन शिंगटे, एक वाम.
वाम त्याच्या मनगटाला वेढा घालून राहिली,
त्याने तो सावकाश उलगडला,
लेकराचा हात गळ्यातून सोडवावा तसा.
माझा गळ दोनदा रिकामा आला. लखलखीत.
गांडूळ कुणी कधी नेलं, कळलंसुद्धा नाही.

दुपारी गोट्याच्या खोबणीत तीन काटक्या पेटवल्या,
शिंगटे पळसाच्या पानात भाजले,
भाकर, अंबाडीची भाजी, मिठाची पुडी ओली झालेली.
तेवढ्यात चाकणवरून शालिकचा फोन.
"लागलं का काही?"
टीकाराम म्हणाला, "मरळ! चार किलोची!"
तिकडे मागे कुठलंसं मशीन चालू होतं.
थोड्या वेळाने तो म्हणाला,
"डोकं ठेवजा माह्यासाठी."
"ठेवतो," टीकाराम म्हणाला.
फोन खिशात गेल्यावर
पहिल्यांदाच त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं.
इस्तारीने काटे गोळा केले, पानात गुंडाळले,
पान पाण्यावर ठेवलं.

साडेतीनला वरच्या धरणाचा भोंगा वाजला.
एकदा. मग लांबवर पुन्हा.
"दार उघडलं," इस्तारी उठला. "चाला, लवकर."
बोलता बोलता सोंड बुडाली होती.
मघाशी घोटाभर होतं तिथे आता मांडीला पाणी,
एकमेकांच्या मनगटांना धरून तीन म्हातारे,
टीकारामची एक चप्पल वाहत गेली,
तिला तो अर्वाच्य शिव्या घालत होता, आम्ही हसत होतो,
आणि भीतीही वाटत होती, हे नंतर कुणी बोललं नाही.

काठावर कपडे पिळताना लक्षात आलं,
माझी गरी राहिली.
गोट्याच्या फटीत बांबू तसाच खोचलेला,
हत्तीची आता फक्त पाठ वर,
आणि बांबूचं टोक वाकत होतं.
वाकलं. सुटलं. परत वाकलं, पार पाण्याला टेकेपर्यंत.

"लागली बे!" टीकाराम ओरडला, एका चपलेवर.
"धार हाये ते," इस्तारी म्हणाला.
पण डोळ्यांवर हाताची झापड धरून
तो बघतच राहिला,
आणि जायला निघालं कुणीच नाही.