पॉइंट आठ

कुरिअरवाल्यानं सही घेतली आणि म्हणाला,
या गल्लीतला आजचा हा तिसरा डबा, साहेब.
काळा डबा. आत मखमल.
मखमलीत कार्ड, लोखंडाचं.
लोखंड नव्हे. टेबलावर वाजवून बघितलं.
तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
धातू कानाला फसवत नाही.
स्टेनलेस. वरून काळा मुलामा.

नाव कोरलेलं: जिनगोंडा आदगोंडा मगदूम.
आधी वाटलं, एक अक्षर चुकलंय,
मग कळलं, इंग्रजीत मी स्वतःला
इतकं सावकाश कधी वाचलंच नव्हतं.

फोनवरची पोरगी म्हणाली होती,
सर, आम्ही हे निवडक लोकांनाच देतो.
मी विचारलं, कोल्हापुरात किती निवडले?
ती हसली. खरं हसली.
सगळ्या जाहिरातीत तेवढंच मला पटलं.

पहिल्यांदा काढलं ते सांगलीच्या व्याह्यांसमोर,
ताराबाई पार्कातल्या हॉटेलात.
काउंटरच्या काचेवर जरा उंचावरून टाकलं,
ठण्ण व्हावं म्हणून.
झालं.
व्याही म्हणाले, छे छे, आज बिल आमच्याकडं,
आणि माझ्या शेजारी त्यांनी आपलं ठेवलं.
तेच. तसंच काळं.
पोऱ्यानं दोन्ही उलटीपालटी केली,
म्हणाला, यातलं कुठलं घासू?

पुण्याच्या विमानतळावर निवडकांसाठी खास दालन आहे.
त्याच्या दारात रांग होती,
गणपतीत आपल्या बस स्टँडवर असते तेवढी,
आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात
तो एकटाच असल्याचा पुरावा.
उपमा माझ्या आधी चार माणसांवर संपला.

आण्णांकडं कार्ड नव्हतं. सही होती.
पतसंस्थेच्या फॉर्मवर जामीनदार क्रमांक एक.
लोक सकाळी सहाला यायचे,
सोप्यात अवघडून बसायचे,
विषय निघायला चहा दोनदा लागायचा.
आण्णा पेनाचं टोपण उघडायचे
तेव्हा घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही.
ती पत. मी बघितलीय.
तिचे हप्तेही बघितलेत.
वाशीचा एक जण एका रात्रीत बेळगावकडं गेला,
आण्णा सात वर्षं त्याचं कर्ज फेडत राहिले,
आईच्या पाटल्या गुजरीत गेल्या त्या गेल्याच.
म्हणून जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही.
सोनं कुठं गेलं मला माहीत आहे.

या कार्डाला जामीन लागला नाही.
कुणाच्या सोप्यात बसलो नाही,
माझ्यासाठी कुणी टोपण उघडलं नाही.
बरं वाटलं.
मग दुपारभर कसंतरीच होत राहिलं.

आता मार्चपर्यंत तीन लाख खर्चले तर फी माफ.
एक लाख चाळीस बाकी आहेत.
बायको म्हणते, मग फ्रिज घेऊ या.
फ्रिज चांगला चालतोय, मी म्हणालो.
म्हणाली, कार्ड तरी कुठं बंद पडलंय?

काल शिफ्ट सुटताना सर्जेरावनं मागून घेतलं,
तळहातावर तोललं, मायक्रोमीटर लावला.
पॉइंट आठ, मालक. एकसारखं आहे हां,
कडेला पण फरक न्हाई.
जुन्या ड्रिलच्या पायाखाली शिम म्हणून
लई झ्याक बसंल बघा, कवाधरनं डुलतंय ते.
आम्ही दोघं पोट धरून हसलो.
खरं तर बसलं असतं. मापच तसं होतं.

कार्डावर त्याच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा उमटला होता.
शर्टाच्या टोकानं पुसला, सगळा गेला नाही.
मग खिशात घातलं.
वरच्या.
कड दिसेल एवढं बाहेर ठेवून.