डेडस्टॉक

आदेश आला शुक्रवारी, चारच्या चहानंतर.
लँडस्केप आर्किटेक्चर विभाग, मंजूर जागा वीस, प्रवेश सात,
सबब येत्या वर्षापासून बंद.
भांडारपालाने मोजदाद करून
डेडस्टॉक रजिस्टर आठ दिवसांत सादर करावे.

भांडारपाल म्हणजे मी.
एकतीस वर्षांत बरंच काही निर्लेखित केलंय या हातांनी:
सायक्लोस्टाइल मशीन, भाषाभवनाचे पंखे,
एकदा तर आख्खा जिना.
कशाचंच काही वाटलं नव्हतं.

खासनीसबाईंनी वाद घातला नाही.
किल्ल्या दिल्या आणि म्हणाल्या, मोजा.

ड्रॉइंगची टेबलं अठरा.
स्टुलं एकतीस, पैकी एक लंगडं.
डंपी लेव्हल दोन, तिकाटणं एकच.
पुठ्ठ्याची वेताळ टेकडी, थरावर थर,
तिच्या खाणीच्या खळग्यात पालीची दोन अंडी.
(ती लिहिली नाहीत.)

तौफिक मणेर नावाचा मुलगा नकाशांच्या नळकांड्या मोजायला मदत करत होता.
काका, तुम्ही राहता कुठे?
म्हटलं, अरण्येश्वरच्या खाली, ओढ्याकाठी.
त्याने एक पिवळा कागद उलगडला,
दुसऱ्या बॅचचा, शाईने काढलेला.
ओढा किती रुंद होता त्यात.
त्याने बोट ठेवलं तिथे आमचं स्वयंपाकघर,
आणि त्या सप्टेंबरच्या रात्री
आईला पाठीवर घेऊन मी गच्चीत चढलो तो जिनाही
निळ्या रेघेच्या आतच.

कागद गुंडाळायला मला जरा वेळ लागला.

बाहेर बबन चांधेरे पाइप घेऊन उभा.
हा सूसचा. याच्या बापाच्या शेतावर आता अकरा मजले आहेत,
आणि हा इथे मुलांना मुरूम आणि माती ओळखायला शिकवतो,
हुद्दा: शिपाई.
म्हणाला, प्रत्येक बॅच जाताना झाड लावते, साहेब.
हा अर्जुन एकोणनव्वदचा.
हा गणेर, याला कुणी विचारत नाही, फुलला की सगळे फोटो काढतात.
ही मेढशिंगी दोन पोरींनी भोरहून एसटीत मांडीवर आणली,
कंडक्टरने अर्धं तिकीट लावलं होतं.

मी रजिस्टर उघडलं.
वस्तूचे नाव, खरेदी दिनांक, किंमत, घसारा, शेरा.
लाकडी फर्निचरला घसारा दहा टक्के.
मेढशिंगीला काय लावू?
अधीक्षकांना फोन केला. ते जेवत होते.
म्हणाले, आदेशात ‘सर्व’ लिहिलंय ना? मग सर्व.

मग सर्व.
सातही मुलं टेप घेऊन आली.
छातीच्या उंचीवर घेर, सेंटिमीटरमध्ये,
एक जण ओरडायचा, एक जण लिहायचा,
आणि ज्याचं नाव मला येत नव्हतं
ते बबन दोनदा सांगायचा.
दोनशे बारा नोंदी.
आता नियम असा की निर्लेखन नोंदवार होतं,
आणि झाडाचं निर्लेखन
वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय होत नाही,
प्रत्येकी वेगळा प्रस्ताव, फोटो, पंचनामा, तीन प्रतींत.

मी काही केलं नाही.
मी फक्त नियमाने वागलो,
आयुष्यभर वागलो तसाच,
आणि नव्या संगणक प्रयोगशाळेची फाइल
माझ्या दोनशे बारा नोंदींखाली दबून बसली.
दोन बैठका झाल्या. कुणीतरी चिडलं.
तिसऱ्या बैठकीचं इतिवृत्त आलं:
तूर्त एक वर्ष मुदतवाढ.

पेढे वगैरे नाहीत.
बाई एवढंच म्हणाल्या, वीस हवेत.
मी झेरॉक्सवाल्याच्या काचेवर प्रवेशाचं पत्रक चिकटवलं,
माझ्या भाचीला फोन केला, ती म्हणाली, मामा, त्यात नोकरी असते का?
मला नीट सांगता आलं नाही.
ओढ्याचं सांगत बसलो.

जूनमध्ये मी निवृत्त होतोय.
काल रजिस्टर परत ठेवायला गेलो,
वर्गात कुणी नव्हतं.
वाकून पाहिलं.
खाणीच्या तळाशी
नुसती टरफलं.