एकोणऐंशी दात

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली की
आमच्या शेडमध्ये सूर्य लागायचा.
म्हणजे फाउंड्रीत उरलेल्या गनमेटलची गोळी,
लेथवर धरून घासलेली,
आणि वर चाळीसचा बल्ब.

कडोलीच्या शाळेचं काम.
शट्टुप्पा सर वहीत आकडे लिहून आलेले:
बुधाला चोपन्न-तेरा,
शुक्राला एकोणचाळीस-चोवीस,
मंगळाला बेचाळीसवर एकोणऐंशी.
"गुरूपर्यंत नको," म्हणाले, "निधी मंगळाशीच संपतोय."

बुध म्हणजे पाव इंची बेअरिंगची गोळी.
शुक्र बैलाच्या माळेतला पांढरा मणी.
पृथ्वी निळी गोटी, पोराकडून उसनी.
मंगळ सागवानी, रेड ऑक्साईडचे दोन हात.

एकोणऐंशी ही खट संख्या.
कशानंच भाग जात नाही तिला,
डिव्हायडिंग हेडच्या एकाही प्लेटीवर तेवढी भोकं नाहीत.
भरमाण्णानं कागदाची पट्टी कापली,
तिच्यावर एकोणऐंशी रेघा मारल्या,
लाकडी चाकाभोवती खळीनं चिकटवली,
आणि एकेक रेघ मोजत, श्वास धरून
आम्ही पितळ कापत गेलो.
दोन रात्री.

जोडलं. हँडल फिरवलं.
एक वर्ष फिरलं, दुसरं बरंचसं फिरलं,
आणि अडलं.

पृथ्वीखालच्या चकतीवर मी महिने कोरले होते
(अधिक कुठं बसवायचा, हे सरांनी विचारू दिलं नाही).
मार्गशीर्षात अडलं. मार्गशीर्ष घासला.
मग कार्तिकात. मग भाद्रपदात.
"अडकूलाय की बे कुठंतरी," भरमाण्णा म्हणायचा,
दर महिन्यावर त्याचा नवा संशय:
आस वाकला, ग्रीस जुनं,
बुश घट्ट,
शेवटी अमावस्या.
तीनदा खोललं, तीनदा जोडलं.
दर खेपेला एक वॉशर उरायचा.

कल्लव्वा पितळेचा बुरा झाडत होती.
तिला आमची अक्षरं येत नाहीत,
त्यामुळं महिने तिनं वाचलेच नव्हते.
झाडू टेकवून म्हणाली,
"केंप गुंड इल्ले निंदरतैति."

लाल गोळी इथंच उभी राहते.
इथं म्हणजे खिडकीकडं,
जिथनं तिसऱ्या गेटाचा दिवा दिसतो.

फिरवलं. अडलं. खिडकी.
परत फिरवलं.
आमच्याकडं श्रावण होता,
मंगळाकडं खिडकीच.

इतके दिवस आम्ही
त्याचं दुखणं आपल्या पंचांगात बघत होतो.

मंगळाचं चाक काढलं, डोळे मिटले,
नखानं दात मोजत गेलो.
अठ्ठ्याहत्तर ठीक.
जिथं पट्टीची दोन टोकं भेटायची होती
तिथला एक केसभर जाड.
खळी वाळली, कागद आकसला असणार;
कागदात राहिली फट,
पितळेत तिचीच जाडी झाली.

सुईकानस घेऊन बसलो.
घाई झाली की भरमाण्णा कन्नडमध्ये शिरतो.
"साक, साक," म्हणाला, "स्वल्प सडल इरली."
आमचं सडळ, त्याचं सडल.
फट तेवढीच.

मग कल्लव्वानं पदर खोचला, हँडल धरलं,
आणि सात वर्षं एका दमात फिरवली.
नंतर थांबून तिनं
पृथ्वीवरचा तेलाचा डाग तेवढा पुसला.
खिडकीशी अजून बारीक टक्क होतं.
ते राहू दिलं.

बिलात लिहिलं:
पितळ सव्वादोन किलो. बुश, स्क्रू. बल्ब एक.
मजुरी.
आणि खाली, दात घासणे, नग एक, रुपये वीस.

सर चष्म्यावरून बघत राहिले.
"कुणाचे?"

मी खिडकीकडं बोट केलं.