गाडी कुठं लावलीत?

मंगल कार्यालयाच्या फाटकात
शिट्टी गळ्यात अडकवलेला पोरगा हेच विचारतो आधी.
वसमत रोड, वस्ती संपल्यावरही बरंच पुढं,
जिथं रिक्षावाला परतीचंही भाडं धरून भाव सांगतो.
मी नुसता हात करतो, मागं, अंधारात कुठंतरी.
तो मान हलवतो.
दोघांचंही भागतं.

आमच्या दारासमोर मात्र गाडी असते.
पांढरी. कच्छवे साहेबांची.
"तुमच्या फाटकासमोर मोकळंच ऱ्हातंय की," म्हणाले,
आणि ते खरंच होतं.
धाकटीला बघायला जिंतूरची मंडळी आली तेव्हा
मुलाच्या मामांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं,
"ॲव्हरेज किती देती?"
शेजाऱ्यांची आहे, म्हणालो.
पोहे निम्मे उरले त्या दिवशी.
पोह्यांत काही खोट नव्हती.

इंदू हिशेबाची बाई.
वहीच्या मागच्या पानावर
न घेतलेल्या गाडीचा हप्ता मांडते दर महिन्याला:
अकरा हजार दोनशे.
त्यातून थोरलीचं नर्सिंग झालं,
आईच्या डोळ्यात भिंग बसलं,
गच्चीवर पत्रे आले, बोअर अजून शंभर फूट खाली गेला.
"सात वर्षांत फेडली की आपण गाडी," म्हणते,
"चालवायची तेवढी राहिली."

त्याच वहीत पेन्सिलीनं एक यादी आहे.
ती मी चोरून वाचली.
परळीचं लग्न: गेलो नाही, रात्री परत यायला एसटी नाही.
मावशीची तेरवी: कच्छव्यांच्या गाडीत. डिझेलचे पैसे घेतले नाहीत.
फेड: त्यांच्या नातवाचं गणित, दोन महिने.
भिशीची सहल, औंढा: सीट कमी पडली म्हणाल्या.
या पानाखाली बेरीज नाही.

मी मोजणी खात्यात.
नोटीस गेली की मोजणीच्या सकाळी
दोन गाड्या येतात ऑफिससमोर,
एक अर्जदाराची, एक लगतधारकाची.
दोघंही दार उघडून धरतात. या साहेब, एसी आहे.
ज्याच्या गाडीत बसेन
त्याच्या बाजूनं बांध सरकला, हे गाव ठरवूनच टाकणार,
मशीन काहीही सांगो.
म्हणून सकाळची एसटी.
रोव्हरची काठी दोन सीटांवर आडवी,
कंडक्टर म्हणतो, हिचं हाफ लागतंय साहेब.

गेल्या मे महिन्यात दैठण्याकडं,
फाट्यावरून आत दोन किलोमीटर पायी.
मागून दोन्ही गाड्या, पहिल्या गिअरमधे, माझ्या चालीनं,
काचा बंद.
सख्खे भाऊ. चार वर्षं अबोला.
ऊन असं, की पुढं डांबर हलताना दिसत होतं.
मग डोळ्यांपुढं काळं आलं आणि मी लिंबाखाली बसलो.

एकानं बाटली आणली, दुसऱ्यानं गमजा ओला केला.
मग भांडले, मला कुणाच्या गाडीत न्यायचं यावरून.
आईवरून, विहिरीवरून, कुठल्याशा विकलेल्या गोऱ्ह्यावरून.
मी पाणी पीत ऐकत होतो.
शेवटी तिघंही चालत गेलो,
गाड्या तिथंच सावलीत सोडून,
काठी आळीपाळीनं खांद्यावर.

बांध होता तिथंच निघाला.
कुणालाच आनंद झाला नाही.
जाताना धाकटा एवढंच बोलला,
"साहेब, तुमी एक गाडी घ्याच बगा."

रात्री घरी आलो तर दारासमोर मोकळं.
कच्छवे गावाला गेलेले.
फाटकाबाहेर खुर्ची टाकून इंदू बसली होती,
पाय लांब सोडून, तेलाच्या काळ्या डागाच्या कडेला.
"किती जागा आहे हो आपल्याला," म्हणाली.
मी चपला न काढताच
दुसरी खुर्ची आणायला आत गेलो.