कागदी ओठ

सकाळचे आठ, आणि बोटीचा पत्रा
आत्ताच मांडीला चटके देतोय.
लुइझियानाचा जुलै.
धरण बांधलं तेव्हा रान तोडायला कुणाला सवड नव्हती,
म्हणून झाडं उभ्या उभ्या बुडाली.
पाण्यावर काही शेंडे उरलेत, साल गेलेले, राखाडी,
त्यातल्या एकाला आम्ही बांधून घेतलंय.

शिकवणारी ओदिल, वय वर्षं अकरा.
गिरणी बंद झाल्यापासून मी पायरीवर बसून असायचो,
समोरच्या घरातून बघून बघून
तिलाच माझा कंटाळा आला असावा.
मागे खुर्चीवर तिचे आजोबा, आल्सीद,
ज्यांचे शब्द मार्चमध्ये एका रात्रीत गेले
उजव्या हातासकट.
डाव्याचं एक बोट बोटीच्या कडेवर वाजतं :
एकदा म्हणजे थांब,
दोनदा म्हणजे वर घे.
तीनदा म्हणजे काय, ते ओदिल सांगत नाही,
नुसती हसते.

“ओठातून नाही ओवायचं,” ती म्हणते,
“तोंड शिवलं की मासोळी गुदमरते.
पाठीच्या पराखाली, चिमटीभर मांसात,
कण्याला धक्का न लावता.
तिला वाटलं पाहिजे की ती पोहतेय.”
बादलीत हात घालतो. बोटांत एक चांदीची धडपड.
पहिली माझ्या हातून मेली. दुसरीही.
तिसरीच्या वेळी मी श्वास धरला होता.

आता सरळ खाली, खोडाला लागून,
भेंड नाही, फेकाफेक नाही,
काठीच्या टोकाखाली नुसती उभी दोरी.
“मोजा. एक फूट, दोन फूट…
उन्हाळ्यात ते सावलीला खोल जातात,
चौदा फुटांवर आडवी फांदी आहे, तिच्या वर थांबा.
क्रॅपी वर बघतो. खाली वाकून खाणं त्याला ठाऊक नाही.
आमिष त्याच्या खाली गेलं तर
बसा दिवसभर.”

मी सोळावर गेलो.
टक टक.

चौदा. तेरा. तिथे ठेवलं.
हलवायचं नाही म्हणे,
हाताच्या नाडीनं हलेल तेवढंच पुरे.
गळ झाडात अडकला तरी घाबरायचं नाही,
तार मुद्दाम पातळ घेतलीय,
ओढली की सरळ होते, सुटते,
चिमट्याने पुन्हा वाकवायची.
(चार वेळा वाकवली.)

मग दोरी जड झाली नाही,
उलट हलकी झाली,
खालून कुणी ओझं हातावर घ्यावं तशी.
मी हिसका दिला.
वर आला रिकामा गळ, त्यावर
नखाएवढा पापुद्रा.
टक टक टक.
ओदिल पोट धरून हसली.

“ओठ कागदाचे असतात त्यांचे,” ती म्हणाली.
मग आधी नाही का सांगायचं, पोरी!
बावीस वर्षं मी यंत्राच्या ओल्या टोकाला उभा होतो,
जिथे लगद्याचा नुकता कागद होत असतो
आणि रुळाचा वेग केसभर वाढला
की पांढरी चादर मधोमध फाटते
आणि सगळी पाळी आरडाओरडा करत धावते.
ओला कागद कसा ओढायचा
ते माझ्या मनगटांना विचार.
ओढायचा नाहीच.
नुसतं ढिलं पडू द्यायचं नाही.

पुढचा हलकेपणा आला तेव्हा
मी काठी उचलली, टोपी उचलावी इतकी,
आणि रीळ सावकाश, एका चालीत.
काळे ठिपके, रुंद कुशी, संतापलेला पंखा परांचा.
इथले म्हातारे त्याला साकाले म्हणतात,
त्यांच्या जुन्या फ्रेंचमध्ये दुधाची पिशवी.
आल्सीदचे ओठ हलले.
‘सा’ आला. पुढचं आलं नाही.
बोटही वाजलं नाही.

मी माशाचा ओठ ताणून सूर्यासमोर धरला,
गिरणीत ताव धरायचो तसा, छिद्रं बघायला.
आरपार उजेड.
गळाचं एक भोक, कडा न फाटलेली.
म्हाताऱ्याला दाखवलं. तो बघत राहिला,
मीही.

“बर्फात टाका आता,” ओदिल म्हणाली,
“आणि दुसरी मासोळी घ्या.
तुम्ही एकच पकडलाय.”