गीझरमधलं गार पाणी

जुलैत मस्कतला सगळं उलटं.
थंडाच्या नळाला हात भाजेल असं पाणी,
गच्चीवरची टाकी दिवसभर तापत असते,
आणि बंद ठेवलेल्या गीझरमध्ये
गार पाणी सापडतं.
त्यातलं अर्धी बादली आधी हिचं.
उरलं तर माझं.

मत्राहच्या कॉर्निशवरून पळून येते,
मासळीचा वास केसांत घेऊन,
आणि लॅबची गाडी यायच्या आत
बादलीपाशी उकिडवी बसते.
घाम हिच्यात वाळू द्यायचा नाही.
ब्रश नाही, पिळणं नाही,
मऊ करायचं ते गुलाबी औषध तर मुळीच नाही,
त्याने रबर आळशी होतं म्हणे.
नुसतं दाबायचं, तळव्याने,
तापल्या पोराच्या कपाळावर
पट्टी दाबावी तसं.

आई हिला बॉडी म्हणायची.
आमच्या दोरीवर बॉडी कधी दिसली नाही.
ती टॉवेलाच्या आत असायची.
टॉवेल वाळायचा, ती नाही.
आंबूस ओल अंगाला लावून मी
शाळेत लंगडी खेळले,
आणि नववीत खेळणंच सोडलं.
का, ते कुणी विचारलं नाही.

इथे बाल्कनीत कपडे दिसले
की नूरुल वॉचमन वर येतो, खाली बघत.
म्हणून घोडी आतल्या खोलीत, पंख्याखाली.
तसंही हिला ऊन चालत नाही,
इथल्या उन्हात आठवडाभरात पट्टा कुरकुरीत होतो.
म्हणजे सावली आईचीही बरोबर होती.
कारण तेवढं चुकलं होतं.

या गावात प्रत्येक गोष्टीवर मुदत छापलेली.
लबानच्या बाटलीवर, रेसिडेन्ट कार्डावर,
माझ्या करारावर.
हिच्यावरच नाही.
हिची मुदत बोटांनी वाचायची:
पट्टा ओढायचा, सोडायचा.
झटकन परतला तर अजून कामावर आहे.
विचार करत करत आला, तर झालं.

माझ्या करड्या रंगाच्या बाईचा पट्टा
वर्षभर विचार करत होता.
मी तो आवळून शेवटच्या हुकावर नेला.
मग हूक संपले.
मग मी काही बोलले नाही.

बोलली लिझी. कोट्टयमची, फिजिओ, माझी रूममेट.
एकदा माझ्या मागून पळत होती, म्हणाली,
तुझा उजवा हात कुठे असतो गं?
बघितलं तर छातीशी.
कोपर घट्ट, मूठ गळ्यापाशी,
जणू पदर सुटेल.
किती महिने तशी पळत होते कोण जाणे,
दिव्याच्या खांबांनी पाहिलं असेल.

सात रियाल आठशे बैसा.
गुणाकार आपोआप होतो,
अठरा वर्षांत ही खोड गेली नाही:
धाकटीच्या मेसचे पंधरा दिवस.
जागेवर ठेवली. परत उचलली.
ट्रायल रूममध्ये सत्तेचाळीस वर्षांची मी
आरशासमोर उड्या मारल्या, वीस,
दोन्ही हात वर करून.
बाहेरून दारावर टकटक:
मॅडम, ओके?
ओके, म्हटलं. धाप लागली होती.

जुनीचं काय करायचं ते कळेना.
पुसायला घ्यावी तर पाणी शोषत नाही,
कुणाला द्यावी अशी वस्तू नाही.
शेवटी कात्रीने पट्टे कापले,
हूक काढून सुईदोऱ्याच्या डब्यात टाकले,
हूक चांगले होते.
बाकीचं वर्तमानपत्रात गुंडाळलं,
गुंडाळायची गरज नव्हती
हे गुंडाळून झाल्यावर लक्षात आलं.
तशीच नेऊन टाकली.

आज भरती होती.
पाणी कठड्यापर्यंत, सीगल ओरडत होते,
नवीने मला धरलं होतं
आणि मला काही धरावं लागत नव्हतं.
लिझी पुढे गेली होती.
मी दोन्ही हात सोडून पळाले,
मशिदीच्या वळणापर्यंत तरी.
मग उजवा वर आलाच.
खाली घेतला.
परत आला.